भिंतीवरचे जुने थर

दसरा जवळ आला कीं घरोघर रंगाची भाषा सुरू होते. दिवाणखान्यास फिका रंग बरा कीं गडद बरा, माजघरास कोणता शोभेल, रंगारी कोणत्या दिवशीं येणार, या प्रश्नांवर घरांतील लहानथोर मंडळी आठ आठ दिवस खल करतात. परंतु ज्या भिंतीवर हा रंग बसावयाचा तिच्या अंगावर आज काय आहे, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाहीं. जुन्यावर नवें चढवावें, म्हणजे झालें, अशी समजूत असते. मग नव्याचे नऊ दिवस संपतात, पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोंच रंगाचे पोपडे सुटूं लागतात आणि सारा दोष रंगाच्या डब्याला किंवा रंगाऱ्याच्या हाताला दिला जातो. वस्तुतः नव्या रंगाचें आयुष्य जितकें त्याच्या स्वतःच्या गुणावर, तितकेंच, किंबहुना त्याहूनही अधिक, त्याच्याखालच्या जुन्या थरावर अवलंबून असतें. यास्तव रंग कोणता द्यावा या विचाराआधीं, काय काढावें, कसें काढावें आणि काय काढूं नये, याचा विचार झाला पाहिजे.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील वाटूर या गांवाचें उदाहरण घ्यावें. जालन्याहून मंठ्याकडे व पुढें नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. परतूरकडे जाणारा रस्ता येथेंच फुटतो, म्हणून वाटूर फाटा हें नांव मराठवाड्यांतील प्रवाशांच्या तोंडीं आहे. या मुलखांत धाब्याचें जुनें घर आणि सिमेंटचें नवें घर हीं एकमेकांस खेटून उभीं असतात. जुन्या घराची भिंत दगडमातीची, नव्या घराची विटांची. जुन्या भिंतीस प्रथम मातीचा पोतेरा, मग चुन्याची सफेदी, सफेदींत थोडी नीळ, पुढें कधींतरी डिस्टेंपर, त्यावर कमरेइतक्या उंचीपर्यंत तैलरंगाचा पट्टा, अशी थरांची चळत सांचलेली असते. वर्षास एकच हात धरला तरी साठ वर्षांत साठ थर होतात. फडताळाच्या पाठीमागें, देवघराच्या कोनाड्याभोंवतीं, पोपडे झांकण्यासाठीं खळीनें चिकटविलेलीं वर्तमानपत्रें आणि जुन्या दिनदर्शिकांवरचीं देवादिकांचीं चित्रें निघतात. नव्या घरांत हीच जागा आतां प्लास्टिकचा मुलामा असलेल्या, फुलापानांच्या नक्षीच्या वॉलपेपरनें घेतली आहे. तेव्हां कागद, चुना, डिस्टेंपर आणि तैलरंग हे चार थर. प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि प्रत्येकास काढण्याची रीतही निराळी.

प्रथम कागद. भिंतीवर कागद लावण्याची चाल आपल्याकडे वाड्यांत वा धाब्याच्या घरांत मुळांत नव्हती. चीनमधील हातांनीं रंगविलेले कागद युरोपांत गेले, तेथें त्यांचे कारखाने निघाले आणि अठराव्या शतकांत हा शौक इतका वाढला कीं इंग्लंडांत १७१२ सालीं अशा कागदावर कर बसला. तो पुढें १८३६ सालीं उठला. पॅरिसमध्यें १७८९ च्या एप्रिल महिन्यांत, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर, रेव्हेयाँ नांवाच्या कागद-कारखानदाराच्या वाड्यावर जमावानें हल्ला केला, ही गोष्ट इतिहासांत नमूद आहे. त्या कागदांच्या सौंदर्यामागें एक भयंकर दोषही दडलेला होता. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञानें १७७५ च्या सुमारास तयार केलेल्या हिरव्या रंगांत सोमल असे. हा रंग एकोणिसाव्या शतकांत भिंतीच्या कागदांवर सर्रास वापरला गेला. ओल आली, खळीवर बुरशी चढली, कीं त्या बुरशीमुळें सोमलाचा विषारी वायु खोलींत पसरे. बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्यानें १८९० नंतरच्या वर्षांत बुरशीचा हा व्यापार दाखवून दिला आणि १९३२ सालीं फ्रेडरिक चॅलेंजर यानें तो वायु नेमका कोणता हें ठरविलें. भिंतीवरचा थर म्हणजे निर्जीव शोभा नव्हे. ओल आणि हवा यांच्याशीं त्याचा व्यवहार अखंड चाललेला असतो, हा यांतील बोध आजही खरा आहे.

कागदावरच रंग दिला तर काय होतें? रंगांतील पाणी कागदांत झिरपतें, खळ सैल पडते, कागद फुगतो आणि वाळतांना जागोजाग फोड राहतात. दोन पट्ट्यांमधील सांधे रंगाखालूनही उठून दिसतात. कागदावरील शाईचा वा नक्षीचा डाग नव्या रंगांतून वर येतो. शिवाय खळ म्हणजे पीठ, आणि पीठ म्हणजे कसर, झुरळें व बुरशी यांचें अन्न. मातीच्या भिंतीवर तर कागदाच्या आडोशानें वाळवी निर्धास्त चढते. कागद काढल्यावरच तिची मातीची नळी दृष्टीस पडते. म्हणून रंगापूर्वीं कागद काढणें हा हौसेचा नव्हे, गरजेचा भाग आहे.

काढण्याची रीत सोपी आहे, परंतु तिला धीर लागतो. ज्या भिंतीवर विजेचीं बटणें आहेत तेथें पाणी लावण्यापूर्वीं घराचा मुख्य खटका बंद करावा. प्लास्टिकच्या मुलाम्याचा कागद असेल तर त्याचा वरचा पापुद्रा एका कोपऱ्यापासून कोरडाच ओढावा; तो बहुधा सलग निघतो आणि खालचा साधा कागद भिंतीस चिकटून राहतो. त्या कागदावर, किंवा मुळांतच साधा कागद असेल तर त्यावर, बोथट टोकानें हलक्या रेघा ओढाव्या. त्या इतक्याच खोल असाव्या कीं कागद चिरावा, गिलावा चिरूं नये. मग कोंबट पाण्यांत थोडा साबण कालवून तें स्पंजानें किंवा फडक्यानें लावावें आणि पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ बसावें. पुष्कळांचें काम येथेंच बिघडतें. खळ भिजण्यापूर्वींच पट्टी चालविली तर कागदाच्या चिंध्या होतात आणि गिलाव्यास खांचा पडतात. खळ भिजली कीं पसरट पात्याची पट्टी जवळजवळ आडवी धरून कागद खालून वर उचलावा. जेथें तो अडतो तेथें जोर करूं नये, पुन्हां पाणी लावावें. कागद निघाल्यावर काम संपलें असें वाटतें, पण भिंतीवर खळीचा चिकट थर राहिलेला असतो. तो स्वच्छ पाण्यानें दोनदां पुसून काढला नाहीं तर नवा रंग त्यावरच बसतो आणि त्याच्याबरोबरच सुटतो. ओल्या बोटास भिंत बुळबुळीत लागेनाशी झाली म्हणजे खळ गेली असें समजावें.

मातीच्या भिंतीस मात्र ही रीत जशीच्या तशी लावतां येत नाहीं. तेथें पाण्याचा मारा केला तर कागदाबरोबर भिंतीचा पोतेराही हातांत येतो. ओलें फडकें पिळून कागदावर दाबून धरावें, कागद तेवढा ओला व्हावा, माती ओली होऊं नये. एका वेळीं हातभर जागा घ्यावी आणि ती वाळल्यावर शेजारची घ्यावी. दुसरी एक दक्षता अशी कीं, जुन्या खळींत किडीपासून रक्षण व्हावें म्हणून मोरचूद घालण्याची चाल होती. मोरचूद विषारी आहे. असा कागद कोरडा खरवडून त्याची धूळ उडवूं नये, आणि काढलेला कागद गुरांच्या तोंडीं लागेल अशा जागीं टाकूं नये. खेड्यांत ही दुसरी गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पिठाच्या वासानें गाय असा कागद खुशाल खाते.

आतां चुना. कळीचा चुना पाण्यांत विरविला, भिंतीवर लावला, कीं तो हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून हळूहळू पुन्हां चुनखडीचा दगड बनतो. म्हणून चांगली सफेदी ही भिंतीवरची झूल नव्हे, भिंतीची कातडीच होय. तिच्यांतून भिंतीची ओल वाफ होऊन बाहेर जाते. अशा भिंतीस पुन्हां चुनाच द्यावयाचा असेल तर सुटलेले पोपडे तेवढे खरवडून बाकीचा थर राहूं द्यावा. तो काढण्याचें कारण नाहीं. प्रश्न उभा राहतो तो चुन्यावर प्लास्टिक इमल्शन किंवा तैलरंग द्यावयाचा असला म्हणजे. वरचा रंग हा एक सलग पडदा, खालचा चुना भुसभुशीत. वाळतांना पडदा आकसतो, भुसभुशीत थर त्यास धरून ठेवूं शकत नाहीं आणि दोघेही मिळून भिंत सोडतात. त्यांत भिंतीच्या पायांतून ओल चढत असेल तर ती पडद्यामागें कोंडते, तिच्यांतील क्षार पृष्ठभागीं येऊन लोणा धरतो आणि तो लोणा आंतून रंगास ढकलतो. जुन्या मातीच्या व दगडाच्या भिंतींवर भारी किंमतीचा रंग टिकत नाहीं, याचें कारण बहुधा हेंच असतें. अशा भिंतीस चुनाच हितकर. गरिबीची खूण म्हणून तो टाकण्यांत शहाणपण नाहीं.

डिस्टेंपर ओळखावा कसा? साधा जुना डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी आणि सरस यांचें मिश्रण. पुष्कळजण लिंबाचा थेंब टाकून पाहतात आणि फेंस आला कीं चुना समजतात. परंतु खडू आणि वाळलेला चुना हे रासायनिक दृष्ट्या एकाच जातीचे असल्यानें फेंस दोहोंवरही येतो. खरी परीक्षा कोंबट पाण्याची. ओला स्पंज घासतांच दुधासारखा राडा उतरूं लागला तर तो सरसाचा डिस्टेंपर होय; चुना चोळला तर हातास पांढरा लागेल, पण असा विरघळून निघणार नाहीं. सरसाचा डिस्टेंपर कोंबट पाण्यानें पूर्णपणें धुऊन काढावा. त्यावर दुसरा कोणताही रंग टिकत नाहीं. तेल मिसळलेला डिस्टेंपर मात्र पाण्यानें निघत नाहीं. तो घट्ट असेल तर काचकागदानें नुसता खरखरीत करून घेतला तरी पुरतें.

चौथा थर तैलरंगाचा. आणि येथें प्रश्न शोभेचा न राहतां आरोग्याचा होतो. पांढऱ्या तैलरंगासाठीं पूर्वीं शिशाचा सफेता वापरीत. लोखंडास गंज लागूं नये म्हणून प्रथम जो तांबडा हात देत तो शेंदूर, म्हणजे शिशाचीच भुकटी. पिवळ्या, केशरी व हिरव्या रंगांतही शिशाचीं संयुगें पडत. शिसें एकदां शरीरांत गेलें कीं सहजासहजीं बाहेर पडत नाहीं, हाडांत सांचतें. आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस तें विशेष बाधतें. बुद्धि मंदावणें, चित्त स्थिर न राहणें, अभ्यासांत मागें पडणें असे त्याचे परिणाम होतात. ते दिसत नाहींत, म्हणून कोणी भिंतीकडे बोट दाखवीत नाहीं. मुलासच ढ म्हणून मोकळे होतात. भारत सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असें ठरविलें; तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. नव्या डब्यापुरतें हें ठीक झालें. परंतु त्यापूर्वीं दारांना, खिडक्यांना, गजांना आणि भिंतीच्या पट्ट्यांना जो रंग चढला, तो अजून तेथेंच आहे.

हा जुना रंग घट्ट बसलेला असतां फारसा अपाय करीत नाहीं. तो सुटूं लागला किंवा कोणी कोरड्या काचकागदानें घासूं लागला, म्हणजे त्याची धूळ होते. ती जमिनीवर, अंथरुणावर, भांड्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातांतून तोंडांत जाते. म्हणून तैलरंगाविषयीं नियम असा: वय न कळणारा जुना रंग शिशाचाच आहे असें धरून चालावें. तो कोरडा घासूं नये, दिव्याच्या ज्योतीनें जाळून काढूं नये. पाणी शिंपडून ओलाच खरवडावा. खरवडणाऱ्यानें नाकातोंडास चांगली झडप बांधावी. गर्भवती स्त्रिया व मुलें यांना काम संपून खोली धुऊन होईपर्यंत दुसरीकडे ठेवावें. केरसुणी फिरवूं नये, तिनें धूळ उडते. ओल्या फडक्यानें पुसावें. काम करणाऱ्यानें हात धुतल्यावांचून पाणीसुद्धां पिऊं नये. घरच्या माणसांइतकीच ही काळजी रोजावर आलेल्या रंगाऱ्याचीही घेतली पाहिजे. घरांत ही धूळ चार दिवस असते. त्याच्या वाट्यास ती वर्षानुवर्षें येते.

जुना थर काढणें हें किती जोखमीचें काम आहे, याचा धडा अजिंठ्याच्या भिंतींनीं दिला आहे. वाटूर आणि अजिंठा हीं दोन्ही स्थळें १९४८ पूर्वीं हैदराबाद संस्थानांत होतीं. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला तेव्हां परतूर तालुका परभणीकडून त्याच्याकडे गेला. अजिंठ्याची भिंत मूळ स्वरूपांत खेड्यांतील भिंतीची थोरली बहीणच म्हणावी. खडकावर माती, तींत भाताचें तूस व झाडपाल्याचे धागे, त्यावर पातळ पांढरा लेप आणि त्या कोरड्या लेपावर चित्र, अशी तिची रचना आहे. शेजारच्या वेरूळच्या मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे धागे सांपडले, हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानें दाखविलें आहे.

१८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याचीं लेणीं पडलीं. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें चित्रांच्या नकला उतरविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं पुन्हां नकला केल्या. त्यांपैकींही पुष्कळ लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. नकला करणाऱ्यांच्या या काळांत, रंग उठून दिसावे म्हणून मूळ चित्रांवर रोगण फिरविण्यांत आलें. हेतु चांगला होता. परंतु रोगण काळवंडलें आणि चित्रें अधिकच मंद झालीं. १९२० सालीं संस्थानच्या पुराणवस्तु खात्यानें, गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख असतां, लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केलें. त्यांनीं दोन वर्षांत सुटलेला गिलावा खडकास पुन्हां चिकटविला आणि चित्रें स्वच्छ केलीं. मात्र रक्षणासाठीं त्यांनीं जो लाखेचा लेप दिला, तोही कालांतरानें पिवळट पडला. आणि तो काढण्याचें काम पुढें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांच्या वांट्यास आलें. एका पिढीनें कळकळीनें चढविलेला थर पुढच्या पिढीस इंचाइंचानें उतरवावा लागला. यावरून तज्ज्ञांनीं आज एक तत्त्व मान्य केलें आहे: जें पुन्हां काढतां येणार नाहीं तें लावूं नये, आणि जें पुन्हां लावतां येणार नाहीं तें काढूं नये.

घरगुती भिंतीसही हें तत्त्व लागू पडतें. जुन्या वाड्यांतील सफेदीखालीं कधीं कधीं चित्रें असतात. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यांत भित्तिचित्रें आहेत, तशीं लहानमोठीं चित्रें इतरत्रही काढलीं जात. इस्तंबूल येथील हागिया सोफियांत गिलाव्याखालीं झांकलेलीं सुवर्णचित्रें १९३१ पासून थॉमस व्हिटमोर यांच्या देखरेखीखालीं उघडीं झालीं, तीं तळहाताएवढ्या जागांवर हलक्या हातानें काम करूनच. म्हणून घर जुनें असेल तर एकदम सबंध भिंत खरवडूं नये. एका कोपऱ्यांत टीचभर चौकोन घेऊन एकेक थर पायरीपायरीनें उघडा करावा. रंगीत रेघ किंवा आकृति दिसली तर पट्टी खालीं ठेवावी, छायाचित्र घ्यावें आणि जाणकारास दाखवावें. चित्र नसलें तरी या पायऱ्या पाहून भिंतीचा सारा इतिहास कळतो आणि कोणता थर घट्ट, कोणता पोकळ, हेंही समजतें.

थर निघाले कीं भिंतीच्या भेगा उघड्या पडतात. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. तिच्याबरोबर पाया हलतो आणि भिंत तडकते. अशा भेगेंत लगेच लांबी भरली तर पुढच्या उन्हाळ्यांत ती पुन्हां फाटते. भेग थांबली आहे कीं चालू आहे हें पाहण्यासाठीं कागदाची एक अरुंद पट्टी भेगेवर आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. एक पावसाळा व एक उन्हाळा गेल्यावर पट्टी शाबूत असेल तर भेग निर्धास्तपणें बुजवावी. फाटली असेल तर रंगाऱ्याआधीं गवंड्यास बोलवावें. भिंतीवरचा कागद काढण्याच्या या प्रकरणांत कागदाचा हा एक तुकडा मात्र मुद्दाम लावण्यासारखा आहे.

शेवटची गोष्ट वेळेची. दसऱ्यापूर्वीं रंग संपावा ही घाई समजण्यासारखी आहे. पण दसरा पावसाळ्याच्या पाठोपाठ येतो आणि भिंत त्या वेळीं पोटांत ओली असते. त्यांत कागद व डिस्टेंपर काढतांना आणखी पाणी मुरतें. अशी भिंत हातास कोरडी लागली तरी आंतून वाळलेली नसते. दारेंखिडक्या उघड्या ठेवून तिला पुरते दिवस द्यावे. प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनीं भिंतीस चिकटवून एक दिवस ठेवावा, आणि त्याच्या आंतल्या बाजूस दंव धरलें तर आणखी थांबावें. ज्या घरीं सणापूर्वीं इतका अवधि नसेल त्यांनीं सणास भिंत झाडून, धुऊन, निर्मळ ठेवावी आणि रंग माघांत द्यावा. सणाच्या दिवशीं उघडी पण स्वच्छ भिंत पाहून कोणताही पाहुणा परत गेल्याचें ऐकिवांत नाहीं. त्या भिंतीखालीं रांगणारें मूल निरोगी राहिलें आणि माघांत दिलेला रंग पुढचीं कित्येक वर्षें टिकला, म्हणजे चार महिन्यांच्या त्या थांबण्याचें सार्थक झालें.